फुले पाहायची की हुंगायची?



गेल्या एलुल महिन्यात आमच्या नात्यातल्या एका मुलीची मेंदी झाली. हॉल दक्षिणेतला, पाहुणे पुष्कळ, जेवण चांगले आणि गाणी तर इतकी की म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. आपल्या अंकांतून आपण नाटकांवर, गाण्यांच्या कार्यक्रमांवर आणि पुस्तकांवर अभिप्राय लिहितो. हॉलमधल्या फुलांवर मात्र कोणी लिहीत नाही. त्यांच्यावर खर्च पुष्कळ होतो, फोटोंत तीच सगळीकडे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात जातात. म्हणून या वेळी त्यांच्यावरच लिहावे असे ठरवले. मी तीस वर्षे बेर-शेव्याच्या शाळेत निसर्ग हा विषय शिकवला आणि त्याआधी रेवदंड्याच्या वाडीत वाढले. तेवढ्या अधिकारावर चार शब्द लिहिते. सजावट करणाऱ्यांचे नाव सांगणार नाही. त्यांनी कामात कसूर केली नव्हती. चूक झाली ती निवडीत, आणि त्या निवडीला आपण सगळ्यांनी मान डोलावली होती.

प्रथम स्टेज. नवरा-नवरीच्या मागे पांढऱ्या ऑर्किडची भिंत होती आणि तिच्यात निळे गुलाब खोचलेले. बांधणी इतकी सफाईची की तार कुठे दिसेना. तरुण मंडळी मोबाईल काढून फोटो घेत होती. माझ्या शेजारी बसलेल्या ऐंशी वर्षांच्या एका बाईंनी मला विचारले, "ती फुले सुकलीत का गं?" सुकली नव्हती. पण आपल्या वयाला डोळ्यांतले भिंग पिवळसर होत जाते, त्यामुळे निळा आणि जांभळा हे रंग मंदावतात. मंद उजेडात ते काळपट दिसतात. ज्या समारंभात निम्मे पाहुणे सत्तरीच्या पुढचे आहेत, तिथे निळा रंग निवडणे म्हणजे निम्म्या पाहुण्यांना न दाखवण्यासाठी पैसे मोजणे होय. पिवळा, नारिंगी, लाल, किंवा गडद हिरव्या पानांवर पांढरा, हे रंग आपल्याला लांबूनही ओळखता येतात.

शिवाय गुलाबाच्या कुळात खरा निळा रंग नाही. दुकानातला निळा गुलाब म्हणजे बहुधा पांढरा गुलाब रंगाच्या पाण्यात उभा केलेला. देठ ते पाणी वर ओढते आणि पाकळ्या रंगतात. शाळेत मी हाच प्रयोग पांढऱ्या कार्नेशनवर करून दाखवत असे आणि मुले खूश होत. जपानच्या सन्तोरी कंपनीने बरीच वर्षे खपून दुसऱ्या फुलाचा जनुक घातलेला गुलाब 2009 साली विक्रीला आणला, पण तोही जांभळ्याकडे झुकणाराच निघाला. प्रयोग म्हणून हे सगळे मला आवडते. नवलाची सजावट म्हणून नाही, कारण असे गुलाब आता प्रत्येक हॉलमध्ये दिसतात.

स्टेजच्या दोन्ही कडांना मात्र खरेच वेगळे असे काही उभे होते. उंच काचेच्या भांड्यांत हात्सावचे दोन-दोन दांडे. हात्साव आपण सगळ्यांनी पाहिला आहे. उन्हाळा संपताना, जमिनीवर एक पान नसताना, कांद्यातून माणसाच्या छातीएवढा दांडा वर येतो आणि पांढरी फुले खालून वर उमलत जातात. आपल्याकडच्या रानकांद्याच्याच कुळातला हा. निवड करणाऱ्याची नजर चांगली होती हे मी मान्य करते. ऋतूही बरोबर साधला होता, एलुलमध्ये रानात दुसरे काय फुलते? पण हात्साव हे संरक्षित झाड आहे. रानातून तोडायला कायद्याने बंदी आहे. आपल्यापैकी साठीच्या दशकात आलेल्यांना शाळाशाळांत लावलेली रानफुलांची चित्रे आठवत असतील. त्या मोहिमेमुळे कालानीत आणि राकेफेत आज डोंगरावर शिल्लक आहेत. आधी लोक हातभर जुड्या बांधून घरी नेत. दुसरे म्हणजे हात्सावचा रस अंगाला लागला की खाज सुटते, आणि त्या भांड्यांपाशी लहान मुले खेळत होती. वेगळे फूल निवडताना दोन प्रश्न आधी विचारावेत. हे तोडायची परवानगी आहे का? आणि कोणी हात लावला तर काय होईल? हाच नियम कण्हेरीला. रस्त्याच्या कडेला ती इथे भरभरून फुलते आणि फुकट मिळते, पण तिचे पान, फूल, देठ सगळे विषारी. खाण्याच्या टेबलाजवळ ती आणूच नये.

आता टेबले. प्रत्येक टेबलाच्या मधोमध उंच फुलदाणी आणि तिच्यावर जिप्सोफिलाचा भलामोठा ढग. समोर कोण बसले आहे ते दिसेना. चाळीस वर्षांनी भेटलेल्या एका वर्गमैत्रिणीशी मी मान वाकडी करून बोलत होते. शेवटी वेटरला सांगून आम्ही ती फुलदाणी जमिनीवर ठेवली. टेबलावर कोपर टेकवून हात सरळ उभा धरावा, फुले त्याच्या वर जाऊ नयेत. एवढा नियम पाळला तरी पुरे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मेंदीआधी मलिदा होता. ताट सुरेख मांडले होते. गोड पोहे, वर खोबरे, खजूर, फळे आणि मधोमध एक लालभडक गुलाब, हातभर देठाचा, एक पाकळी वाकडी नाही. एलियाहू हन्नावीचे गीत झाले. हझानसाहेबांनी फळांच्या ब्राखा म्हटल्या, मग गुलाब उचलून सुगंधाची ब्राखा म्हटली आणि आमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे तो सर्वांत वडील माणसाच्या हाती दिला. म्हणजे माझ्या मावशीच्या. मावशीने नव्वदी ओलांडली आहे. तिला आता उजेड आणि सावली एवढेच कळते. तिने फूल नाकाशी धरले, परत धरले आणि मोठ्याने म्हणाली, "अरे, याला वासच नाही. हे कागदाचे आहे का?"

सगळे हसले. हझानसाहेब हसले नाहीत. त्यांनी फूल परत घेऊन स्वतः हुंगले आणि व्यर्थ ब्राखेनंतर म्हणायचे ते शब्द पुटपुटले. कारण सुगंधाची ब्राखा ही सुगंधासाठी आहे, रंगासाठी नाही. देवाचे नाव घेतले आणि वास आलाच नाही, तर ती ब्राखा लेवाताला झाली.

माझ्या मते त्या संध्याकाळच्या सगळ्या सजावटीचे मोजमाप त्या एका फुलात झाले. आपले हाखामीम सुगंधाला किती मान देत ते बेराखोतच्या गेमारात दिसते. ज्याचा उपभोग शरीराला नव्हे तर आत्म्याला मिळतो अशी वस्तू म्हणून ते सुगंधाकडे पाहतात. बागेतल्या नर्गिसला एक ब्राखा आणि रानातल्या नर्गिसला दुसरी, इतका बारीक विचार त्यांनी केला आहे. झाडाच्या सुगंधाला 'अत्से बसामीम', पाल्याच्या सुगंधाला 'इस्वे बसामीम'. ज्यांनी एवढा विचार केला त्यांच्या ताटात आपण बिनवासाचा गुलाब ठेवतो, याचे मला वाईट वाटते.

गुलाबाचा वास गेला कुठे? कोणी चोरला नाही. फुलदाणीत जास्त दिवस टिकेल, देठ लांब आणि सरळ येईल, विमानातून गेले तरी मान टाकणार नाही, अशा झाडांची निवड शेतकरी पिढ्यानपिढ्या करत आले. जी निवड केली ती मिळाली, वास मागे राहिला. 2015 साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी गुलाबात सुगंध तयार करणारे एक विकर शोधून काढले. वासाच्या गुलाबात ते भरपूर काम करते आणि बिनवासाच्या गुलाबात जवळजवळ झोपलेले असते. म्हणजे पैसे जास्त दिले म्हणून वास येत नाही. जात निवडावी लागते. आणखी एक गोष्ट: दुकानातले गुलाब खाण्यासाठी वाढवलेले नसतात, त्यांच्यावर औषधे फवारलेली असतात. असे फूल थेट पोह्यांवर ठेवू नये. ठेवायचेच तर वेगळ्या वाटीत ठेवावे.

कोकणात आमच्या आया ही निवड न शिकता करत. अबोलीला वास नाही, म्हणून वेणीत ती कधी एकटी नसे. तिच्या जोडीला मोगरा असे, मरवा असे, नाहीतर दवणा. रंग अबोलीचा, वास मरव्याचा. बकुळीला रंग म्हणावा असा नाही, पण सुकली तरी तिचा वास राहतो, म्हणून ती कपड्यांच्या पेटीत जाई. सुरंगीचे वळेसर उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडेच दिवस मिळत आणि त्या दिवसांत सगळ्या गल्लीला कळे की कोणी माळली आहे. एका फुलाने सगळी कामे करावीत अशी अपेक्षा कोणी ठेवत नसे. आजच्या सजावटीत हेच हरवले आहे. शंभर फुले आणतात आणि शंभरही एकच काम करतात, दिसण्याचे.

आता त्या संध्याकाळचे उरलेले सांगते. मलिद्याच्या टेबलाच्या मागे, मेंदीच्या ताटाशेजारी, एक पितळी तांब्या होता. नवरीच्या धाकट्या बहिणीने तो स्वतः भरला होता. नुकतीच सैन्यातून सुटलेली मुलगी, मराठी समजते पण उत्तर हिब्रूत देते. तांब्यात रेहानच्या जुड्या होत्या, म्हणजे आपल्या सब्ज्याचीच जात, भाजीवाल्याकडे मिळते ती. मध्ये हादासच्या दोन फांद्या, गॅलरीतला झेंडू आणि कडेने गुलाबाच्या वासाच्या जिरेनियमची पाने. सजावटवाल्यांनी तो तांब्या कोपऱ्यात सरकवून ठेवला होता, कारण त्यांच्या पांढऱ्या-निळ्या रंगात तो बसत नव्हता. मावशीचे शब्द ऐकून ती मुलगी उठली, रेहानची एक काडी काढली आणि हझानसाहेबांच्या हाती दिली. त्यांनी 'इस्वे बसामीम' म्हटले. ती काडी मावशीकडे गेली. मावशीने पान बोटांत चुरले, हुंगले आणि म्हणाली, "हां, हा आपला सब्जा." मग ती काडी टेबलावरून टेबलावर फिरली आणि बराच वेळ परत आली नाही.

समीक्षक म्हणून विचाराल तर त्या संध्याकाळची सर्वांत सुंदर आणि सर्वांत वेगळी रचना ती होती. फुले फक्त एकाच जातीची, बाकी सारा पाला. झेंडूचा नारिंगी गडद हिरव्यावर उठून दिसत होता, म्हणजे आपल्या डोळ्यांनाही. तांब्या बुटका, म्हणून पलीकडचे माणूस दिसत होते. हात लावला तर बोटांना वास लागत होता. एक दोष होता: पाण्याखाली पाने बुडाली होती, त्यामुळे दोन दिवसांत पाणी कुजले असते. बुडणारी पाने काढून टाकावीत आणि देठ तिरपे कापावेत. तिने विचारले तेव्हा हे सांगितले. लगेच वहीत नाही, पण मोबाईलमध्ये लिहून घेतले.

ज्यांच्या घरी येत्या वर्षात मेंदी, मलिदा किंवा बार मित्झवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगून थांबते. उन्हाळ्यात मोगऱ्याच्या कळ्या दुपारी तोडाव्यात, ऐन संध्याकाळी त्या उमलतात. निशिगंध मिळाला तर रात्रीच्या समारंभाला घ्यावा, अंधार पडला की त्याचा वास वाढतो. किनाऱ्याच्या गावांत अंगणाअंगणांत चाफा आहे. उथळ थाळीत पाणी घालून फुले नुसती तरंगत सोडावीत, मात्र चीक पुसून. हिवाळ्यात नर्गिस दुकानातून घ्यावा, रानातून नाही. काहीच नसेल तर रोझमेरी आहे. मरव्याची आठवण येत असेल तर एझोव कुंडीत लावावा, दोघे एकाच कुळातले. रानातला एझोवही संरक्षित आहे, तेव्हा रोप विकतच आणावे. आणि फुले आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवायची असतील तर मलिद्याच्या केळ्या-सफरचंदांजवळ ठेवू नका. पिकत्या फळातून निघणाऱ्या वायूने फुले लवकर मान टाकतात, कार्नेशन तर फारच.

मंडपवाल्यांना हे सगळे सांगायला संकोच वाटत असेल तर एकच करा. निवड करायला जाताना घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर न्या आणि दुकानात त्याला डोळे मिटायला सांगा. त्याने ज्या फुलाशी थांबून मान हलवली, तेच घ्या. आमच्या घरी हनुक्क्याच्या सुमारास पुन्हा मलिदा आहे. मावशीने आधीच फोन करून सांगितले आहे की गुलाब आणलात तर मी आधी हुंगणार आणि मगच ताटात जाऊ देणार.