नावेतला निनावी

सेवापुस्तकाची भाषा कोरडी असते. रुजू, बदली, सेवानिवृत्ती; माणसाची तीस-पस्तीस वर्षं एवढ्याच शब्दांत बसवलेली. युद्धनौकांच्याही अशाच नोंदी असतात. अमेरिकी आरमाराच्या ‘ऑलिंपिया’ या क्रूझरच्या नोंदी मी पुनःपुन्हा वाचत आलो आहे. एखादी उत्तम कथा वाचताना शेवटच्या पानावर पहिल्या पानाचा अर्थ बदलतो, तसं या नोंदी वाचताना दर वेळी होतं.

सुरुवात आकड्यांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन आयर्न वर्क्सच्या गोदीत १८९१ साली बांधणी सुरू झाली, ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ती पाण्यात उतरली आणि ५ फेब्रुवारी १८९५ रोजी आरमारात रुजू झाली. लांबी ३४४ फूट. दोन बुरुजांत आठ इंची चार तोफा, अंगांना पाच इंची दहा. या जातीच्या क्रूझरच्या कुशीला जाड चिलखत नसे. आत, एंजिनं आणि दारूगोळा यांच्यावर, पोलादाचा एक बाकदार मजला असे. मर्मस्थान तेवढं झाकलेलं. कोळशाच्या वाफेवर ती ताशी एकवीस सागरी मैलांहून अधिक वेगानं धावे, आणि तरीही तिच्या दोन डोलकाठ्यांवर शिडांची सोय ठेवलेली होती. ही नोंद मला सर्वांत बोलकी वाटते. पोलादावर विश्वास बसला होता, पण वाऱ्याशी नातं तोडण्याइतका नव्हे.

मग येतो १ मे १८९८. स्पेनशी युद्ध पेटलं तेव्हा ऑलिंपिया आशियाई ताफ्याची निशाणनौका होती. हाँगकाँगला तिचा पांढरा रंग पुसून करडा रंग चढला होता. कमोडोर जॉर्ज डेवींनी ताफा रात्रीच्या अंधारात स्पेनच्या ताब्यातल्या मनिलाच्या उपसागरात घातला. पहाटे पाच-चाळीसच्या सुमारास त्यांनी जहाजाचे कप्तान चार्ल्स ग्रिडली यांना उद्देशून एक वाक्य उच्चारलं. ते पुढं अमेरिकेत घरोघरी गेलं. आशय असा: तुमची तयारी झाली की गोळीबार सुरू करायला हरकत नाही, ग्रिडली.

या वाक्यापाशी थांबायला हवं. लढाईच्या पहिल्या क्षणी ‘डागा’ असा हुकूम अपेक्षित असतो. इथं आज्ञार्थ नाही, परवानगी आहे. क्षण कोणता, हे ग्रिडलींच्या जाणतेपणावर सोडलेलं आहे. मराठीत आणताना ते आपोआप ‘तुम्ही’मध्ये येतं; ‘तू’मध्ये बसवून पाहिलं तर त्याचा तोलच जातो. आणि या वाक्याचा शेवट होतो एका नावावर. ग्रिडली तेव्हा आजारी होते. मायदेशी परतताना ५ जून रोजी जपानमधल्या कोबे इथं त्यांचा मृत्यू झाला. महिनाभरापूर्वीच्या त्या वाक्यानं त्यांचं नाव मागं ठेवलं.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट घडली. साडेसातनंतर डेवींनी अचानक ताफा मागं घेतला, कारण पाच इंची तोफांना प्रत्येकी पंधराच गोळे उरल्याचा निरोप आला होता. खरं तर प्रत्येकीनं पंधराच गोळे डागले होते. ऐकण्यातली चूक कळली, खलाशांना न्याहारी मिळाली आणि अकरानंतर लढाई पुन्हा सुरू झाली. दुपारपर्यंत ॲडमिरल मोंतोहो यांचा स्पॅनिश ताफा संपला होता.

विजयाच्या या पानाला एक काळी कड आहे, आणि ती न वाचता पुढं जाणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. १९ मे रोजी फिलिपिनो क्रांतिकारक एमिलिओ अगिनाल्दो हद्दपारीतून परतले आणि ऑलिंपियावर डेवींना भेटले. डिसेंबरात पॅरिसच्या तहानं स्पेननं फिलिपिन्स बेटं दोन कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केली. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्याच मनिलात अमेरिकी सैनिक आणि फिलिपिनो एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते.

पुढची वीस वर्षं भराभर वाचली तरी चालतात. नाविक अकादमीच्या विद्यार्थ्यांचं शिक्षण, मग चार्ल्सटनला निव्वळ राहण्याची बराक, मग पुन्हा सेवेत. १९१८ साली रशियाच्या उत्तरेला मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्क, नंतर एड्रियाटिक समुद्र. तोवर मनिलाच्या आठ इंची तोफा उतरवलेल्या होत्या.

आणि मग ऑक्टोबर १९२१. पहिल्या महायुद्धात पडलेल्या, ओळख न पटलेल्या चार अमेरिकी सैनिकांच्या शवपेट्या फ्रान्समधल्या शालोन इथं मांडल्या होत्या. सार्जंट एडवर्ड यंगर यांनी त्यांतल्या एकीवर पांढरे गुलाब ठेवून मायदेशी नेण्यासाठी तिची निवड केली. ती पेटी २५ तारखेला ल हाव्र बंदरात ऑलिंपियावर चढवली गेली. आत नेण्याइतकी जागा तिला नव्हती. म्हणून ती उघड्यावर, कॅनव्हासमध्ये गुंडाळून, दोरांनी बांधून ठेवली. अटलांटिकवर वादळ उठलं. पहाऱ्यावरच्या मरीन सैनिकांनी लाटांनी वाहून जाऊ नये म्हणून स्वतःलाही बांधून घेतलं, आणि पहारा सोडला नाही.

‘नाव’ म्हणजे होडीही आणि माणसाची ओळखही. हा योग आपल्या भाषेनं साधला आहे. ऑलिंपियाच्या साऱ्या नोंदी या दोन अर्थांमध्ये हेलकावतात. मनिलानं तिला आणि तिच्यावरच्या दोन माणसांना नाव दिलं. तेवीस वर्षांनी ती निघाली एका निनावी माणसाला घेऊन. तिच्या भट्ट्यांत कोळसा घालणाऱ्यांची, उकाड्यात गोळे वर पोचवणाऱ्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. या पंधरा दिवसांत मात्र सगळं जहाज एका नाव नसलेल्याच्या सेवेत होतं. जाणकार मनिलाला तिच्या आयुष्याचं शिखर मानतात. मला ते या वादळात दिसतं. तिथं जिंकायचं काहीच नव्हतं. बांधलेला दोर सुटू द्यायचा नव्हता, एवढंच.

९ नोव्हेंबरला वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत ती पावसात पोचली. पेटी उतरवून घ्यायला महायुद्धातले अमेरिकी सेनापती जनरल पर्शिंग हजर होते. ११ तारखेला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत दफन झालं. पुढच्या वर्षी, ९ डिसेंबर १९२२ रोजी, ऑलिंपियाची सेवामुक्ती नोंदली गेली.

ती भंगारात गेली नाही. फिलाडेल्फियात डेलावेअर नदीवर ती अजून तरंगते आहे, पुन्हा पांढऱ्या रंगात. लढाईच्या सकाळी डेवी जिथं उभे होते, तिथं त्यांच्या पावलांचे ब्राँझचे ठसे बसवले आहेत.