पेतायावेसीचे जुने चर्च : अनुकरण की निर्मिती?

ग्रामीण कारागिराने नागर शैलीतील एखादा आकार उचलला की त्यास ‘अनुकरण’ म्हणून बाजूस सारावे, ही कलासमीक्षेची जुनी खोड आहे. मध्य फिनलंडमधील पेतायावेसी या चार हजारांहूनही कमी वस्तीच्या ग्रामपालिकेतील जुने लाकडी चर्च या खोडीची चांगलीच परीक्षा पाहते.

फिनलंड स्वीडनच्या राज्यात असताना, १७६३ ते १७६५ या काळात, याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पानेन या कारागिराने ते ओंडक्यांनी उभारले. चारही भुजा सारख्या असलेल्या क्रूसाची त्याची मांडणी प्रबोधनकालीन वास्तुविचारातून आलेली, तर छताच्या कमानींचा वंश गॉथिक. दोन्ही कल्पना दगडात जन्मलेल्या. दगडी कमान भार पेलते. फळ्यांची कमान बव्हंशी त्या आकाराचे स्मरण करून देते. एवढ्यावरून ती लटकी ठरवणे मात्र घाईचे होईल. ओंडक्याच्या भिंतीची लांबी झाडाच्या उंचीने मर्यादित होते आणि लांब सरळ भिंत कालांतराने बाहेर फुगू लागते. क्रूसाकृतीत भिंती वारंवार वळतात व कोपऱ्यांतील खाचांच्या सांध्यांनी परस्परांना आवळून धरतात. इटलीत जो भूमितीचा आदर्श होता, तो येथे लाकडाची गरज होऊन बसला. घेतलेल्या आकारास नवे कारण लाभले, तर त्यास अनुकरण म्हणणे कितपत न्याय्य?

याच चर्चजवळचा घंटाघराचा मनोरा १८२१ मध्ये याक्कोचा नातू एर्क्की लेप्पानेन याने बांधला. ‘लोककला’ या शब्दाने कर्त्याचे नाव पुसले जाते. येथे तर आजोबा आणि नातू दोघेही नावानिशी उभे आहेत. १९९४ मध्ये युनेस्कोने या चर्चला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही एका प्रादेशिक परंपरेचा नमुना म्हणून. नमुना म्हणताच व्यक्ती मागे पडते, ही त्या गौरवाची उणी बाजू होय.

याहून अडचणीची बाब पुढेच आहे. १८७९ मध्ये गावाने नवे चर्च बांधले आणि जुने वापराबाहेर गेले. दफनभूमी व घंटाघर तेवढे उपयोगात राहिले. चालू वापरातील अनेक जुन्या चर्चना एकोणिसाव्या शतकात नव्या रुचीचा रंग व नवी डागडुजी सोसावी लागली. ही वास्तू दुर्लक्षामुळे त्यातून सुटली. रंगाविना राहिलेल्या तिच्या आतील ओंडक्यांवर हत्याराचा हात आजही दिसतो. पुढे १९२०च्या दशकात योझेफ श्ट्रिगोव्स्की (१८६२–१९४१) या ऑस्ट्रियन कलेतिहासकाराचे लक्ष तिच्याकडे वळले, तेव्हा कोठे दुरुस्तीस चालना मिळाली. उत्तरेकडील काष्ठवास्तूविषयीच्या त्याच्या उपपत्तींत वंशवादाचा गडद अंश होता आणि त्या आज टाकाऊ ठरल्या आहेत. म्हणजे गावाने सोडून दिलेली वस्तू एका सदोष सिद्धान्ताच्या नजरेने पुन्हा मोलाची ठरली. सिद्धान्त गेला, मोल राहिले. कारण ते वंशात नव्हते, खाचांच्या सांध्यांत होते. या थंड, तापवण्याची सोय नसलेल्या वास्तूत आता उन्हाळ्यापुरत्या प्रार्थना होतात.