प्रयोग झाला, पण नोंद कुठे आहे?

समजा, तुमच्या सिनॉप्सिसवर विषय लिहिलाय : 'सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयीन आणि हौशी रंगभूमी'. विषय चांगला आहे, गाईडही खूश आहेत. आता साहित्य शोधायला बसा. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्या काढा. काय सापडेल? निकाल. सांघिक प्रथम कोण, द्वितीय कोण, अभिनयाचं बक्षीस कुणाला, दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते, आभार कुणी मानले. दिवसभरात दहा एकांकिका झाल्या असतील, तर दहांची नावं नशिबाने मिळतील. रंगमंचावर नेमकं काय घडलं, ते कुठेच मिळणार नाही.

आपल्या भागातल्या नाटकांना गुण मिळतात, समीक्षा मिळत नाही. यात संशोधकाची अडचण होतेच, पण जास्त नुकसान नाटकाचं होतं. ते कसं, हे एका उदाहरणावरून सांगते.

आयर्विनला किती?

काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका एकांकिका स्पर्धेत मी प्रेक्षकांत बसले होते. एका कॉलेजची एकांकिका २०१९ च्या महापुरावर होती. दोन बाकं जोडून केलेला स्लॅब, त्यावर आजी आणि नातू. खाली पाणी. बोटीची वाट बघणं, एवढंच कथानक. मधूनमधून नातवाचा मोबाईल वाजायचा आणि तो फक्त आकडा सांगायचा. आजी दर वेळी एकच विचारायची, "म्हशीचं दावं सोडलंस का?" आणि तो दर वेळी विषय बदलायचा.

आकडे होते सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पाणीपातळीचे. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. नातू "पंचेचाळीस" म्हणाला आणि सभागृहातली चुळबुळ थांबली. पुढे एका क्षणी तो मोबाईल कानाला लावून गप्प उभा राहिला, आणि त्याने तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "सत्तावन्न." कुणी हसलं नाही.

नंतरच्या चर्चेत बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी सल्ला दिला : आकड्यांचा भडिमार कमी करा, प्रेक्षकाला कंटाळा येतो.

परीक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण सकाळपासून एकामागून एक एकांकिका बघणाऱ्या, हातात गुणांचा तक्ता असलेल्या माणसाकडून आपण काय अपेक्षा करणार? लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत अशा रकान्यांत गुण भरायचे असतात. 'मागच्या रांगेतून आलेला आकडा' असा रकाना नसतो. मोजमापाचं साधन जे मोजू शकत नाही, ते नोंदीत शून्य दिसतं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. अडचण पुढे होते. त्या शून्याकडे बघून पुढच्या वर्षी नाटक बसवणारी मुलं आकडेच काढून टाकतात.

आणि त्याच्या जागी काय येतं? याच एकांकिकेचा शेवट बघा. पावणेदोन पात्रांचं हे सुरेख नाटक (आजी अर्धा वेळ नुसती बसलेली असते) शेवटच्या पाच मिनिटांत कोसळलं. नातू समोर येऊन उभा राहिला, वरून एकच प्रकाशझोत आला, मागे बासरी लागली, आणि निसर्ग, विकास, माणसाची हाव यावर प्रमाण मराठीत भाषण सुरू झालं. तोवर 'पाणी कुठवर आलंय बग' म्हणणारा पोरगा अचानक निबंधस्पर्धेत गेला. असे शेवट तुम्हीही पाहिले असतील. विषय शेतकऱ्याचा असो, सैनिकाचा असो की मोबाईलच्या व्यसनाचा, शेवटी एक स्वगत, एक किंकाळी आणि काळोख. गावाकडची बोली विनोदापुरती, गंभीर झालं की पुस्तकी भाषा. गंभीर दिसल्याशिवाय बक्षीस नाही, ही समजूत एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जाते. ती खरी की खोटी, हे तपासायला लागणारी नोंदच कुणाकडे नाही. यादी आहे, पण यादीतून ते कळत नाही.

२०२२ मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी दर्जाच्या मुद्द्यावर करंडक कुणालाच दिला नाही. १९६३ पासून चालत आलेल्या स्पर्धेतला हा निर्णय, त्यामुळे त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. माझ्या वाचण्यात आलं त्यातलं बहुतेक निर्णय बरोबर की चूक यावर होतं. त्या एकांकिकांत नेमकं काय होतं, कुठे कमी पडलं, हे सांगणारं फारच थोडं. दर्जावर भांडायचं तर आधी वस्तू समोर हवी ना?

ही सवय १८४३ पासूनची

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं आणि म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. सांगलीच्या नाट्यगृहाला भाव्यांचं नाव आहे. हे सगळं तुम्हाला पाठ असतं. आता संशोधकाचा प्रश्न विचारा : त्या नाटकात पात्रं काय बोलली?

ते मिळत नाही. कारण भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि मधलं गद्य भाषण पात्रं आयत्या वेळी करायची. १८८५ मध्ये भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' छापून आला, त्यामुळे पदं आपल्यापर्यंत पोचली. बोलणं हवेत गेलं. पुढच्या शिकलेल्या पिढीने या नाटकांना 'तागडथोम' म्हणून हिणवलं, आणि ज्यांनी हिणवलं त्यांच्याच वर्णनांतून ती आज आपल्याला दिसतात. म्हणजे जे लिहून ठेवण्यासारखं वाटलं ते उरलं, आणि प्रेक्षक ज्यासाठी येत असतील ते कदाचित गेलं.

('पहिलं नाटक' या शब्दाबाबतही सावध राहा. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या शेवटापासून मराठी नाटकं लिहिली जात होती. 'पहिलं' म्हणताना कुठलं, कशाच्या संदर्भात, ही व्याख्या प्रबंधात आधी द्या.)

दुसरं उदाहरण याच्या उलट आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर मूळचे सांगलीचे. त्यांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. छापील संहितेत लॉर्ड कर्झनचं नाव कुठेही नाही. महाभारतातली गोष्ट आहे, बस्स. मग ते नाटक सरकारला का टोचलं? याचं उत्तर संहितेत मिळणार नाही, थिएटरात मिळेल. आणि थिएटरात काय झालं याचं वर्णन कुणी ठेवलंय? विरोधकांनी! लंडनच्या 'टाइम्स'शी संबंधित व्हॅलेंटाइन शिरोल यांच्या १९१० च्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात या नाटकाबद्दलचा मजकूर आहे. त्यात नुसती गोष्ट नाही. कीचक म्हणजे कर्झन आणि द्रौपदी म्हणजे भारत, हे प्रेक्षागृहात प्रत्येकाला कळत होतं, असं तिथे म्हटलंय. नाटक बघताना पुरुषांचे चेहरे कसे होत होते, बायकांचे डोळे कसे होत होते, हेही टिपलंय.

हेतू अर्थातच वाईट होता. नाटक किती धोकादायक आहे हे सरकारला पटवायचं होतं. पण वैऱ्याने नाटकाकडे जेवढं लक्ष दिलं, तेवढं आपण आपल्या मुलांच्या नाटकाकडे देतो का? आपली 'स्तुत्य उपक्रम', 'दमदार सादरीकरण' ही वाक्यं कुठल्याही नाटकाला चिकटवता येतात. म्हणून ती कुठल्याच नाटकाची नसतात.

सातारा म्हणजे कुठला सातारा?

साताऱ्याची बाजू याहून अवघड आहे. १९१० नंतरच्या दोन दशकांत सातारा जिल्ह्यातल्या गावांमध्ये सत्यशोधक जलसे व्हायचे. तमाशाचाच साचा घेऊन सावकारी आणि भटशाहीवर बोलणारे. गेल ऑम्वेट यांनी ब्राह्मणेतर चळवळीवरच्या संशोधनात या जलशांची दखल घेतली. मराठी नाटकाच्या प्रचलित इतिहासांत मात्र त्यांना कोपऱ्यातली जागा मिळते. तिकीट, नाट्यगृह, छापील संहिता यांतलं काहीच नव्हतं ना.

हे शोधायला निघालात तर एक व्यावहारिक सूचना. जुन्या कागदांतला सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते, तर सांगली हे वेगळं संस्थान. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. दोन्ही गावं वाळवा तालुक्यातली. आज त्यांना 'सांगली जिल्ह्याचे' म्हणतो, पण जुनी नोंद शोधताना 'सातारा' हाच शब्द टाकावा लागेल. फक्त 'सांगली' शोधलंत तर संस्थानचं नाटक सापडेल, खेड्यातला फड सापडणार नाही. मग तुमचा निष्कर्षही तसाच एकांगी येईल, आणि चूक शोधण्याच्या पद्धतीत होती हे लक्षातही येणार नाही.

मग काय करायचं?

शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव, राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रं, गावच्या जत्रेतलं नाटक, शाहू कला मंदिरात किंवा भावे नाट्यमंदिरात होणारा एखादा हौशी प्रयोग. यांतलं जे जवळ असेल तिथे जा आणि त्याच रात्री लिहा. प्रयोगशाळेच्या वहीत जी शिस्त असते तीच इथे.

१. आधी फक्त काय दिसलं ते. कोण कुठे उभं होतं, काय बोललं, कुठल्या बोलीत. 'प्रभावी' हा शब्द या भागात चालणार नाही.

२. प्रेक्षक कोण होते आणि कधी काय केलं. हसले, गप्प झाले, उठून गेले. कुठल्या वाक्याला.

३. प्रयोगाच्या अटी : वेळेची मर्यादा, माईक, लाइट किती, सकाळचा नंबर की रात्री उशिराचा.

४. मग तुमचं मत, वेगळ्या परिच्छेदात. रिझल्ट आणि डिस्कशन एकत्र कालवत नाही ना आपण? तसंच.

५. संहिता मिळते का ते विचारा, पण हक्क लिहिणाऱ्याचा आहे. परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. विद्यार्थी कलाकाराच्या कामावर टीका करायची तर कामावर करा, त्याच्या नावावर नको.

"शिकणाऱ्या पोरांच्या नाटकाची कसली समीक्षा करता? तालमीला जागा नाही, पैसे नाहीत, कौतुक करा की," असं तुम्हाला कुणीतरी म्हणेल. मला हे पूर्ण पटत नाही. महिनाभर रात्री जागून बसवलेल्या नाटकाला 'छान' म्हणून सोडून देण्यापेक्षा, त्यातली कुठली जागा चालली आणि कुठली नाही हे नीट सांगणं जास्त मानाचं आहे. त्या महापुराच्या एकांकिकेच्या मुलांना 'तुमचे आकडेच तुमचं नाटक आहे, भाषण काढा' असं कुणी लिहून दिलं असतं, तर पुढचा प्रयोग वेगळा झाला असता.

कुणी म्हणजे मीसुद्धा. त्या दिवशी माझ्याकडे वही होती. परवा ती काढून बघितली. त्या एकांकिकेपुढे मी पाचच शब्द लिहिलेत : 'छान. आजी मस्त. शेवट लांबला.' प्रयोगशाळेत असली नोंद मी कुणाला दाखवलीही नसती. वर जे सांगितलं ते आठवणीतून सांगितलंय, आणि आठवण किती भरवशाची असते ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून ज्याने ती लिहिली होती त्या मुलाला शोधून फोन केला. आता तो एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. संहिता नव्हतीच, म्हणाला. पानं फाडून सगळ्यांत वाटली होती, व्हॉट्सॲपचा ग्रुप फोनबरोबर गेला. मी विचारलं, "शेवटी नातू सांगतो का रे? दावं सोडलेलं असतं की नाही?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "एक प्रयोग सांगून केला होता, एक न सांगता. त्या दिवशी कुठला केला ते आठवत नाही, मॅडम. तुम्ही बघितलं होतं ना? तुम्हीच सांगा."

मला सांगता आलं नाही.