बालकाव्य आणि शिक्षकाचा साचा

न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन भागातील पी. एस. ६१ या प्राथमिक शाळेत कवी केनेथ कोक यांनी १९६८ मध्ये मुलांकडून कविता लिहवून घेण्यास प्रारंभ केला. त्या प्रयोगाचा वृत्तान्त व मुलांच्या निवडक कविता ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ या ग्रंथात १९७० मध्ये प्रसिद्ध झाल्या. मुले आनंदाने चित्रे काढतात, तर मग त्यांनी कविता का लिहू नयेत, अशी या प्रयोगामागील भूमिका होती. ती रास्त असली तरी चित्रकलेचा दाखला सर्वस्वी लागू पडत नाही. रंग मुलाच्या हाती कोरे येतात. शब्द मात्र घर, रस्ता आणि वर्ग येथे वापरून झालेले असतात. त्यामुळे मूल प्रथम लिहिते ते बहुधा दुसऱ्याचेच असते, आणि यमकाच्या ओढीने अर्थ भलतीकडेच जातो.

यावर कोक यांनी योजलेला उपाय साधा होता. यमकाचा आग्रह नको, शुद्धलेखनाची चिंता नको. ओळीचा आरंभ तेवढा ठरलेला. पहिल्या पाठात प्रत्येकाने इच्छादर्शक शब्दांनी सुरू होणारी एक ओळ लिहावयाची. तीत एक रंग, चित्रकथेतील एक पात्र आणि एक शहर अथवा देश यावा. मग साऱ्या ओळी एकत्र करून एक कविता म्हणून मोठ्याने वाचावयाच्या. पुनरावृत्तीने यमकाचे काम कसे भागते, हे भोंडल्याची गाणी ऐकलेल्या मराठी वाचकास निराळे सांगावयास नको.

तथापि रंग, पात्र व शहर यांची सांगड कोणीही घातली तरी थोडीफार चमत्कृती साधतेच. तिचे श्रेय मुलाच्या प्रतिभेपेक्षा नियमाकडे अधिक जाते. शिवाय अनपेक्षिताचा हा सोस कोक यांच्या व त्यांच्या न्यूयॉर्क संप्रदायाच्या काव्याचाच विशेष होय, आणि संग्रहातील निवडही त्यांचीच. तेव्हा येथे बालमन बोलते की गुरूची अभिरुची, ही शंका उरते.

‘पूर्वी मी अमुक होतो, पण आता’ या साच्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. साचा हाही शिक्षकानेच दिलेला. परंतु त्यातील रिकामी जागा कोणत्याही चित्रकथेतून भरता येत नाही. वाक्यरचनाच दोन काळांची मागणी करते, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलापाशीही त्याचा स्वतःचा ‘पूर्वी’ असतोच. प्वेर्तो रिकोशी नाते सांगणारी अनेक मुले ज्या शाळेत होती, तेथे स्पॅनिश शब्द योजून लिहिण्याचा पाठ घेतला गेला, त्याचे मोलही याच जातीचे आहे. घरची भाषा वर्गात आली ती चूक म्हणून नव्हे, सामग्री म्हणून.

१९७३ च्या ‘रोझ, व्हेअर डिड यू गेट दॅट रेड?’ या ग्रंथात कोक यांनी मार्ग बदलला. ब्लेकची वाघावरील कविता मुलांना वाचून दाखवावयाची, आणि मग मुलांनी एखाद्या प्राण्याला प्रश्न विचारावयाचे. हा साचा शिक्षकाचा नसून कवितेचा आहे. आणि वाघाला काय विचारावे, हे मात्र ब्लेक सांगून ठेवत नाही.