वृद्धाश्रमातील जपमाळ आणि आपले साहित्य

आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांच्या नाताळ अंकांतून, तसेच नोव्हेंबर या मृतस्मरणाच्या महिन्यात प्रसिद्ध होणाऱ्या कथांतून, वृद्धाश्रम हे स्थळ आता वरचेवर भेटू लागले आहे. या कथांची मांडणी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. मुलगा परदेशी असतो, सून कठोर असते, आणि खिडकीशी बसलेल्या आजीच्या हातात जपमाळ असते. नाताळच्या आदल्या रात्री पत्र किंवा फोन येतो वा येत नाही. आल्यास आजीचे डोळे भरून येतात, न आल्यास पहाटे ती प्रभुघरी गेलेली आढळते. लेखकाचा हेतू शुद्ध असतो, कळकळही खरी असते. तरीही अशी कथा वाचून संपली की आम्हांला एक प्रश्न सतावू लागतो: या आजीच्या हातातील जपमाळेचे पुढे काय झाले? ती कोणासाठी जप करीत होती? कोणत्या भाषेत? ती प्रार्थना तिला कोणी शिकवली होती? कथेला याचा पत्ता नसतो. आजीची श्रद्धा तेथे केवळ वेशभूषेचा भाग म्हणून येते, आणि तिची स्मृती म्हणजे मुलांच्या बालपणाची आठवण, एवढाच तिचा आवाका उरतो.

हा साचा मुळात आपला नाही. वार्धक्याचा प्रश्न मराठी साहित्याने रंगभूमीवर फार समर्थपणे मांडला. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' 1970 साली रंगभूमीवर आले. सर्वस्व मुलांच्या हाती सोपवून पोरके झालेल्या गणपतराव बेलवलकरांनी मराठी प्रेक्षकाला अंतर्मुख केले. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'ने मुलांवाचून रिकाम्या झालेल्या घरातील दोन वृद्ध जीवांची घुसमट दाखवली. दोन्ही नाटकांचा मूळ प्रश्न निवाऱ्याचा आणि नात्याचा आहे: उतारवयात माणसाने कोणाच्या आधाराने जगावे? त्या प्रश्नाला या लेखकांनी पुरेपूर न्याय दिला. आमची तक्रार त्यांच्याविषयी नाही. आमच्या लेखकांनी तोच प्रश्न उसना घेतला, देवघराच्या जागी वेदी ठेवली आणि कथा ख्रिस्ती झाली असे मानले, एवढीच आमची तक्रार आहे.

ख्रिस्ती श्रद्धेला या विषयावर स्वतःचे काही सांगायचे आहे काय? आमच्या मते आहे, आणि ते स्मरणाविषयी आहे. आपली सर्वांत मोठी उपासना, मिस्सा, हीच मुळी स्मरणाची आज्ञा पाळण्यासाठी आहे. तेथे स्मरण करणारा एकटा माणूस नसतो. जमलेला सारा समुदाय मिळून स्मरण करतो. मृतांची नावे तेथे घेतली जातात ती घेणाऱ्याला त्यांचे चेहरे आठवतात म्हणून नव्हे. ज्यांचे कोणीच उरले नाही त्यांच्यासाठीही तेथे प्रार्थना होते. आपण स्मृतीला व्यक्तीची खाजगी ठेव मानत नाही, ती समुदायाने सांभाळायची ठेव मानतो. हे खरे असेल तर वृद्धाश्रमातील आजी आपल्या साहित्यात केवळ विसरली गेलेली स्त्री म्हणून येऊ शकत नाही. ती साक्षीदार म्हणून आली पाहिजे, आणि तिची साक्ष ऐकणारा कोणीतरी त्या कथेत असला पाहिजे.

अशा साक्षीचा मराठीतील सर्वोत्तम नमुना कोणता, असे विचारल्यास आम्ही निःसंकोच लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे बोट दाखवू. टिळक कुटुंब अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील, म्हणजे कॅथलिक नव्हे; परंतु हे पुस्तक साऱ्या मराठी ख्रिस्ती समाजाचे वैभव आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर कित्येक वर्षांच्या ताटातुटीतून, सोवळ्याओवळ्याशी केलेल्या दीर्घ झगड्यातून लक्ष्मीबाई स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आल्या. 1919 साली टिळक निवर्तले. 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली ती 1934 साली, म्हणजे लेखिकेने वयाची पासष्टी ओलांडल्यावर. आणि 1936 साली त्यांचे निधन झाले. वृद्ध ख्रिस्ती विधवेने आयुष्याच्या अगदी अखेरीस सांगितलेल्या या आठवणी आहेत. आज आमच्या कथाकाराच्या हाती ही स्त्री लागली असती, तर त्याने तिला खिडकीशी बसवून रडवले असते!

लक्ष्मीबाई मात्र हसतात, आणि प्रथम स्वतःला हसतात. नवऱ्याचा विक्षिपपणा, सासऱ्यांचा जाच, स्वतःचे अज्ञान, दारिद्र्य, पोरक्या मुलांनी भरलेले घर, यांतील काहीही त्या झाकत नाहीत, आणि त्याचे भांडवलही करीत नाहीत. त्यांच्या पुस्तकात श्रद्धेवर प्रवचन क्वचितच सापडते; श्रद्धा तेथे पाण्याच्या घागरीत, स्वयंपाकात, प्रवासात, आजारपणात मुरलेली आहे. धर्मांतराची कहाणी सांगताना मागे सोडलेल्या माणसांविषयीचे प्रेम त्या सोडत नाहीत. म्हणूनच या पुस्तकातील आठवण खरी वाटते.

येथे आणखी एका गोष्टीकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे. हे पुस्तक एकटीने घडवलेले नाही. आईने आठवणी लिहाव्यात यासाठी देवदत्त टिळकांनी आग्रह धरला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या पुस्तकाची टिपांसह आवृत्ती सिद्ध केली. आठवण सांगणारी एक, विचारणारा दुसरा, जपणारा तिसरा: तीन पिढ्यांनी मिळून हे स्मरण पुरे केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंना जर कोणी विचारलेच नसते, तर मराठी साहित्य एका श्रेष्ठ ग्रंथाला मुकले असते, आणि आपण काय गमावले हे कोणाला कळलेही नसते.

विचारणारा कोणी नसला म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आपल्याच परंपरेत आहे, आणि तेही वृद्धसेवेच्या इतिहासात. 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या धर्मभगिनींची वृद्धगृहे महाराष्ट्रातील वाचकांना पुणे-मुंबईमुळे परिचित आहेत. या संघाची संस्थापिका संत झान झ्युगाँ. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात 1792 साली जन्मलेल्या, मोलकरणीचे काम केलेल्या या स्त्रीने 1839 च्या हिवाळ्यात एका अंध, अपंग वृद्धेला घरी आणले आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. तेथून हे कार्य सुरू झाले. वृद्धांसाठी ती हातात टोपली घेऊन दारोदार फिरली. परंतु 1843 साली संघाच्या धर्मगुरू-संचालकाने तिला प्रमुखपदावरून दूर केले, आणि पुढे संस्थापकाचा मान स्वतःकडे घेतला. आयुष्याची शेवटची 27 वर्षे ती मातृगृहात उमेदवार भगिनींमध्ये राहिली. 1879 साली ती वारली तेव्हा संघात सुमारे 2,400 भगिनी होत्या. त्यांतील तरुण भगिनींना आपल्याबरोबर राहणारी ही म्हातारी कोण, हे ठाऊक नव्हते. सत्य उजेडात आले ते तिच्या मृत्यूनंतर, चौकशीअंती. 1982 साली तिला धन्यवादित घोषित करण्यात आले आणि 11 ऑक्टोबर 2009 रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद दिले.

वृद्धांना आसरा देणारी स्त्री स्वतःच्याच घरात वृद्धपणी अनोळखी होऊन राहिली. तिच्या नम्रतेचे गुणगान आपण करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिची नम्रता हे इतरांच्या विस्मरणाचे समर्थन होऊ शकत नाही. अन्न, वस्त्र, औषध आणि दैनंदिन प्रार्थना यांची उत्तम व्यवस्था असलेल्या पवित्र घरातही माणूस विसरला जाऊ शकतो, हा या चरित्राचा धडा आहे. आमच्या कथांतून सारा दोष नेहमी मुलगा आणि सून यांच्या माथी मारला जातो. धर्मग्रामाला, म्हणजे तुम्हांआम्हांला, त्या कथांत कधी जाब विचारला जात नाही.

यावर कोणी म्हणेल की ज्यांना आठवते त्यांचे ठीक. ज्यांची स्मृतीच गेली त्यांचे काय? हा प्रश्न आज अनेक घरांत खरा आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाने तो मराठीत फार हळुवारपणे मांडला. संस्कृतचे गाढे पंडित असलेले निवृत्त प्राध्यापक स्मृतिभ्रंशामुळे स्वतःला हरवून बसतात आणि एका हत्तीमागून चालत जातात. त्यांना सांभाळते ती माहुताची गरीब, कानडी बोलणारी बायको. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना 2013 या वर्षाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या बाईला म्हाताऱ्याची विद्वत्ता, नाव, गाव काहीच ठाऊक नसते. समोर आलेला जीव सांभाळायचा, एवढे तिला कळते. हा चित्रपट ख्रिस्ती नाही, तसा त्याचा दावाही नाही. पण आमच्या कथांपेक्षा तो सुवार्तेच्या अधिक जवळ उभा आहे असे म्हणणे आम्हांला भाग आहे. तेथे माणसाचे मोल त्याच्या स्मरणशक्तीवर ठरत नाही. जो स्वतःला विसरला आहे त्याला दुसऱ्याने धरून ठेवायचे असते. आपल्या उपासनेचा अर्थ याहून निराळा नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1 ऑक्टोबर 1999 रोजी वृद्धांना उद्देशून पत्र लिहिले, तेव्हा ते स्वतः 79 वर्षांचे होते. वृद्धांविषयी न लिहिता त्यांनी वृद्धांशी, त्यांच्यातीलच एक होऊन, संवाद केला. पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा आणि ज्येष्ठांचा जागतिक दिन ठरवला. संत योआखिम आणि संत अन्ना यांचा सण 26 जुलैला येतो, त्याच्या आसपासचा हा दिवस आहे. लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला मंदिरात प्रथम ओळखणारे शिमोन आणि हन्ना वृद्धच होते, हे आपण दरवर्षी ऐकतो. एवढी शिकवण हाताशी असताना आमच्या कथेतील आजीला बोलायला दोन वाक्येही मिळू नयेत, ही खेदाची गोष्ट आहे.

आता आपल्या सोलापूरकडे पाहू. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या भाषा येथे एकाच गल्लीत ऐकू येतात. 1877 च्या जुन्या मिलपासून येथील कित्येक पिढ्यांचे आयुष्य भोंग्याच्या वेळेवर चालले. त्या गिरण्या आता इतिहासजमा झाल्या. अशा शहरातील ज्येष्ठ कॅथलिकाच्या मनात भाषांचे किती थर असतील! 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली. त्यापूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. आज ज्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे त्यांच्या कानांत बालपणीची लॅटिन उत्तरे असतील, घरच्या जपमाळेची मातृभाषा असेल आणि पुढे आत्मसात केलेली मराठी गीते असतील. लॅटिन मिस्सेची जिवंत आठवण बाळगणारी ही शेवटची पिढी आहे. ती गेल्यावर ग्रंथांत तारखा सापडतील. लोकभाषेतील पहिली मिस्सा ऐकून आईचा चेहरा कसा झाला, हे ग्रंथांत सापडणार नाही.

आमच्या लेखकांना आमची विनंती आहे ती याच संदर्भात. शेजारच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) येथे जानेवारी 2020 मध्ये झालेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 77 वर्षांच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. मराठी समाज वृद्ध ख्रिस्ती आवाज आदराने ऐकतो, हे तेव्हा दिसले. फादर 25 जुलै 2024 रोजी निवर्तले. परंतु त्यांनी आपले आत्मकथन लिहून ठेवले आहे. लेखणी हाती असणाऱ्यांचे स्मरण असे टिकते. ज्यांच्या हाती लेखणी नाही, त्यांच्याजवळ जाऊन बसणे हे लेखकाचे काम आहे.

त्यासाठी कल्पित आजी निर्माण करण्याची घाई नको. आपल्या धर्मग्रामातील कोणते ज्येष्ठ आज वृद्धाश्रमात आहेत, याची चौकशी आधी करावी. काही जण अन्यधर्मीयांनी चालवलेल्या आश्रमात असतील. तेथे त्यांना परमप्रसाद कोण नेऊन देतो, हे विचारावे. त्यांना बाप्तिस्मा कोणी दिला, पहिली प्रार्थना कोणी शिकवली, कोणत्या दुःखात श्रद्धा डळमळली आणि ती पुन्हा कशी सावरली, हे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत टिपून घ्यावे. डळमळल्याची कबुली गाळू नये. लक्ष्मीबाईंनी ती गाळली नाही. ज्यांना काहीच आठवत नाही त्यांच्याजवळ बसून त्यांच्या भाषेतील जपमाळ म्हणावी आणि त्यांची हकिकत त्यांना ओळखणाऱ्यांकडून मिळवावी. अशा लेखनाला शैलीचा साज नसला तरी चालेल. या त्रैमासिकाच्या पानांवर अशा एका खऱ्या आजीचे चार परिच्छेद आले, तर नाताळ अंकातील दहा कल्पित आज्यांपेक्षा आम्ही त्यांचे मोल अधिक मानू.