'शुक्रतारा': बृहन्महाराष्ट्राचं गाणं

परदेशातल्या मराठी मंडळात भावगीतांचा कार्यक्रम ठरला की यादीत 'शुक्रतारा मंद वारा' असतंच. नाट्यगीतावर टाळ्या पडतात, लावणीला शिट्ट्या मिळतात. या गाण्याला मात्र सभागृह नुसतं शांत होतं. माझ्या मते हीच त्याला मिळणारी सर्वांत मोठी दाद.

आपण परमुलखातली माणसं हे गाणं इतक्या मायेनं जपतो, यात मला तरी नवल वाटत नाही. ते घडवणारे कुठले होते ते पाहा. शब्द मंगेश पाडगावकरांचे, ते वेंगुर्ल्याचे. पण चाल बांधणारे श्रीनिवास खळे वाढले बडोद्यात. गाणारे अरुण दाते इंदूरचे. आणि सुधा मल्होत्रांची तर मातृभाषाही मराठी नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे चौघं एका गाण्यात एकत्र आले. दाते कापड उद्योगातले इंजिनिअर, नोकरी सांभाळून गायचे. आपल्या मंडळात शुक्रवारी ऑफिसमधून थेट तालमीला येणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

खळ्यांची चाल ऐकताना सोपी वाटते आणि गायला बसलं की घाम फोडते. ताना नाहीत, हरकतींची आतषबाजी नाही. त्यामुळे सूर जरा हलला तरी लपवायला जागा नाही. खरी परीक्षा असते ती ओळ संपताना. तिथे श्वास तुटू न देता सूर हळूच सोडायचा असतो. हौशी गायक नेमका तिथेच आवाज चढवतात आणि गाणं हातचं जातं. दात्यांनी ते कुठेही चढवलेलं नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा त्यांचा आवाज, आणि सुधाताईंचं उत्तरही तितक्याच हलक्या आवाजात. प्रेम आहे, ओढ आहे, पण कुणी कुणाला काही पटवून देत नाही.

आमच्याकडे इथेच जन्मलेल्या मुली हे गाणं रोमन अक्षरांत लिहून घेतात. मग 'मंद'चा 'मंड' होतो. तालमीला पेटीवर बसणारे आजोबा दर वेळी थांबवतात, जीभ दातांना लावून 'द' म्हणून दाखवतात, मुली हसतात आणि पुन्हा म्हणतात. ज्या मुलीला मराठी वाचता येत नाही तिच्या तोंडी पाडगावकरांची अख्खी कविता स्वच्छ बसते, ती अशी. अशा मुलींना मी सुधा मल्होत्रांचं ध्वनिमुद्रण आवर्जून ऐकवते.

एक विनंती मात्र आहे. हल्ली तयार ट्रॅकवर गाण्याची सोय झाली आहे, पण ट्रॅक गायकासाठी थांबत नाही आणि हे गाणं तर थांबण्यावरच उभं आहे. येत्या कार्यक्रमात निदान हे एक गाणं तरी पेटी-तबल्यावर होऊ द्या. वाजवणारे आपल्यातच आहेत, त्यांना वेळेवर कळवा.