‘ओरिजिनल’ म्हणजे नक्की काय? एका बेंटलीच्या निकालाचं वाचन

मामाकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ती दुरुस्त करायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. एक म्हणतो, गाडी ओरिजिनलच ठेवायची. दुसरा म्हणतो, आजच्या रस्त्यावर चालवायची तर पुढे डिस्क ब्रेक हवेत. मी दोघांना एकच विचारलं, “ओरिजिनल म्हणजे काय?” दोघांची उत्तरं वेगळी आली. पीएचडीच्या पहिल्या वर्षात माझ्या गाईडनी माझ्या प्रस्तावाचं नेमकं हेच केलं होतं!

आता बघा, आपल्याकडे स्पेअर पार्टच्या दुकानात ‘ओरिजिनल’ म्हणजे कंपनीचा, डुप्लिकेट नसलेला. मग तो कालच बनलेला का असेना. गाडीच्या शौकिनाला मात्र कारखान्यातून गाडीसोबत आलेलाच भाग हवा असतो. शब्द एक, मोजमापं दोन.

या गोंधळावर इंग्लंडमध्ये १९९० साली एक खटला चालला: हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटार. गाडी होती बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ले मांची शर्यत जिंकलेली. सौदा ठरला १ कोटी पौंडांना. मग खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नाही. त्याचा मुद्दा पोकळ नव्हता. प्रत्येक शर्यतीनंतर भाग बदलले होते, पुढे ८ लिटरचं इंजिन बसलं, १९३२ मध्ये ब्रूकलँड्सच्या शर्यतीत मोठा अपघात झाला आणि त्यानंतर गाडी पुन्हा नव्या रूपात बांधली गेली. १९२९ चे अगदी मोजके भाग शिल्लक होते.

न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. मला या निकालाची पद्धत आवडते. त्यांनी आधी शब्द वेगळे केले. गाडी ‘मूळ’ नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण ती ‘अस्सल’ आहे, कारण तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही; ती नाहीशी होऊन पुन्हा घडवली गेली, असं कधी झालं नाही. म्हणजे कसोटी भागांची नाही, सातत्याची. व्याख्या आधी, पुरावा नंतर, निष्कर्ष शेवटी. संशोधनात आपण नेमके इथेच घसरतो.

पण या निकालाची मर्यादाही बघायला हवी. शर्यतीची गाडी बदलत राहणं हाच तिचा इतिहास असतो. घरगुती गाडीला हीच कसोटी लावली तर मालकाला मोकळं रान मिळतं: साखळी तुटली नाही ना, मग काहीही बदला! शिवाय कोर्टापुढे प्रश्न होता, “ही तीच गाडी आहे का?” मामाचा प्रश्न आहे, “आता काय करू?” एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवणं ही लिटरेचर रिव्ह्यूमधली आपली लाडकी चूक.

मामाच्या प्रश्नाला जवळचं उत्तर फिव्हा या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत आहे. तिचा आधार म्हणजे वास्तूंच्या जतनासाठीची १९६४ ची व्हेनिस सनद. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा, असं व्हेनिस सनद सांगते. ट्यूरिन सनदेनुसार आवश्यक बदल चालतील, पण ते डोळ्यांत खुपू नयेत, परत फिरवता यावेत, काढलेले महत्त्वाचे भाग जपून ठेवावेत आणि कामाची नोंद असावी. इथे गाडी ही वस्तू राहत नाही, ती साधन-दस्तऐवज होते. जुन्या रंगाचे थर खरवडून काढणं म्हणजे मूळ हस्तलिखित फेकून फक्त स्वच्छ प्रत ठेवणं.

सनदही सगळं सोडवत नाही. ‘आवश्यक’ कोणी ठरवायचं? रोज चालवणाऱ्याला ब्रेक आवश्यक, वर्षातून एकदा रॅलीला नेणाऱ्याला नाही. म्हणून वापर काय, हे आधी लिहून काढावं लागतं.

आम्ही तेच केलं. मामा गाडी नियमित चालवणार आहे. म्हणून आरटीओचे नियम पाहून, त्यात बसत असेल तरच डिस्क ब्रेक. पण पत्रा कापायचा नाही आणि जुने ड्रम तेल लावून खोक्यात ठेवायचे. स्टीअरिंगजवळचा गिअर तसाच. डिकीच्या आतला जुना रंग हात न लावता सोडायचा. आणि एक वही, ज्यात काय काढलं, कधी, का, हे फोटोंसकट.

दोन्ही पक्ष थोडे नाराज आहेत. पण वीस वर्षांनी कोणाला आमचा निर्णय चुकीचा वाटला, तर तो उलटवता येईल. तुमच्या प्रस्तावातला सगळ्यात लाडका शब्द आज काढा आणि मार्जिनमध्ये लिहा: हा मी मोजणार कसा? आणि चुकलो, तर कोणाला ते कळेल कसं?